२४ चे ४३ झाले म्हणजे नेमकं काय झालं?

प्रश्न : आमचा मुलगा ५ वर्षांचा आहे. त्याला प्रॅडर-विली सिंड्रोम (स्नायू ढिले ठेवणारा जन्मजात जनुकीय आजार) आहे. जन्मतःच अंग फार सैल होतं. बसायला १४ महिने लागले, चालायला अडीच वर्षं. दोन वर्षांचा असल्यापासून ग्रोथ हॉर्मोनची इंजेक्शनं चालू आहेत. दीड वर्षापूर्वी झोपवून काढलेल्या एक्स-रेत कण्याचा बाक २४ अंश होता. गेल्या महिन्यात बसवून काढला तर ४३ आला. एका डॉक्टरांनी हॉर्मोन ताबडतोब थांबवायला सांगितलं. दुसरे म्हणाले, शस्त्रक्रिया करून कण्याला रॉड (धातूची सळई) घालून घ्या, उशीर करू नका. घरातले म्हणतात मालिश आणि व्यायामाने सुटेल. मुलगा कसलीच तक्रार करत नाही, खेळतो. रात्री घोरतो. ब्रेसची (धडाला बांधायच्या कडक साच्याची) मला धास्ती वाटते, कारण अंग ओरबाडून जखमा करायची त्याला सवय आहे. काय करावं? – एक आई

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातले सगळ्यात मोलाचे दोन शब्द तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात : ‘झोपवून’ आणि ‘बसवून’. तुम्हाला मिळालेले सगळे सल्ले या दोन शब्दांकडे न बघता दिलेले दिसतात. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

झोपलेल्या मुलाच्या कण्यावर डोक्याचं, हातांचं, छातीचं वजन येत नाही. बसवलं की येतं. स्नायू बळकट असतील तर ते हे वजन पेलतात आणि दोन एक्स-रेंमधला फरक थोडकाच राहतो. प्रॅडर-विलीच्या मुलाचे स्नायू मुळात ढिले. बसवल्यावर त्याचा कणा एका कुशीला सरळ ओळंबतो. अशा मुलांत झोपून आणि बसून काढलेल्या कोनांत १० अंशांहून जास्त अंतर सहज पडतं, आणि त्याचा अर्थ बाक तेवढा वाढला असा होत नाही.

त्यात मोजणीची गंमत वेगळी. बाकाच्या वरच्या टोकाचा सर्वांत कललेला मणका धरून त्याच्या वरच्या कडेला रेघ मारतात, खालच्या टोकाच्या सर्वांत कललेल्या मणक्याच्या खालच्या कडेला दुसरी. या दोन रेघांमधला कोन म्हणजे कॉब कोन. मणका एक घर वर-खाली धरला की आकडा बदलतो. एकाच फिल्मवर दोन जाणकारांच्या मोजणीत ५ अंशांचा फरक आला तर त्याला कोणी चूक म्हणत नाही. म्हणजे तुमच्या १९ अंशांमध्ये थोडा वाटा गुरुत्वाकर्षणाचा आहे, थोडा पट्टी-पेन्सिलीचा, आणि उरलेला खऱ्या वाढीचा. हा उरलेला वाटा किती, यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे, आणि तोच अजून कोणी काढलेला नाही.

तो काढायला फार काही लागत नाही. दोन्ही जुन्या फिल्म एकाच तज्ज्ञाकडून, तेच मणके धरून, पुन्हा मोजून घ्या. आणि एक नवा एक्स-रे मुलाला झोपवूनच काढायला सांगा; जमल्यास दुसरा, डोक्याकडून आणि पायांकडून हलकं ताणून. बसून ४३ असलेला बाक झोपल्यावर २६ वर आला, तर दीड वर्षात तो जवळजवळ जागचा हललेला नाही आणि लवचिक आहे. झोपूनही ३७-३८ राहिला, तर बाक खरंच वाढलाय आणि ताठरही होतोय. पहिल्या परिस्थितीत आपल्या हातात वेळ आहे. दुसऱ्या परिस्थितीत धडाला प्लास्टर किंवा ब्रेस याच महिन्यात सुरू व्हायला हवा. रॉड लगेच लागतो असं मात्र दोन्हींतही ठरत नाही.

इथून पुढे नेहमी बसून (किंवा स्वतः स्थिर उभा राहत असेल तर उभ्याने) काढलेल्या फिल्मशीच तुलना करा, दर सहा महिन्यांनी. बसवताना पाय टेकलेले हवेत, हात मांडीवर, कोणी बगलेत धरलेलं नको. किरण पाठीकडून सोडायला सांगा, म्हणजे छाती आणि थायरॉइडवर कमी मारा होतो. एक फिल्म बाजूनेही हवी. प्रॅडर-विलीच्या मुलांत कुशीचा बाक सगळे बघतात, मानेखाली येणारं पोक मात्र नजरेतून सुटतं, आणि पुढे शस्त्रक्रिया झालीच तर तेच जास्त त्रास देतं.

या सिंड्रोमचा बाक दोन वेळा डोकं वर काढतो. एकदा पहिल्या चार-पाच वर्षांत, स्नायूंच्या ढिलेपणामुळे. हा लांबलचक, एकाच दिशेने वळलेला, इंग्रजी सी अक्षरासारखा असतो. दुसऱ्यांदा दहाव्या वर्षाच्या पुढे, उंची झपाट्याने वाढताना. अंगावर चरबी असली की बरगड्यांचा उंचवटा झाकला जातो आणि पाठ डोळ्यांना सरळ भासते. म्हणून या मुलांत नुसत्या तपासणीवर विसंबत नाहीत. मूल बसायला लागल्यापासून वर्षाकाठी एक एक्स-रे काढतात. (तान्ह्या, ढिल्या बाळाला उशा लावून ताठ बसवून ठेवायची घाई करू नये. ते स्वतः उठून बसेपर्यंत आसन मागे रेललेलं ठेवावं.)

आता रॉडची घाई का नको. मोठ्या माणसाचा बाक वाढला तर मणके एकमेकांना जोडून टाकतात आणि विषय संपतो. पाच वर्षांच्या मुलाचे मणके जोडले तर त्या भागाची उंची तिथेच थांबते आणि तिच्याबरोबर छातीही. छातीच्या बारा मणक्यांची मिळून उंची जन्मतः साधारण ११ सेंटिमीटर असते, पाचव्या वर्षी १८, दहाव्या वर्षी २२. पाचव्या वर्षी छातीच्या पिंजऱ्यात प्रौढ माणसाच्या ३० टक्के जागा असते, दहाव्या वर्षी ५०. फुफ्फुसं या जागेतच वाढायची. ज्या मुलांचे मणके लहानपणी जोडले आणि छातीच्या कण्याची उंची १८ सेंटिमीटरच्या आत अडकली, त्यांचा मोठेपणी श्वास अपुरा पडण्याचा धोका बराच जास्त असतो. तुमच्या मुलाचा श्वास आधीच घोरण्याने अडतोय, हे विसरून चालणार नाही.

म्हणून या वयात उपचाराचं ध्येय ‘पाठ सरळ करणं’ हे नसतं. बाक ताब्यात ठेवून छाती वाढू देणं आणि कायमची शस्त्रक्रिया दहाव्या वर्षापलीकडे ढकलणं, एवढंच. एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे : पाच ते दहा हा कण्याच्या वाढीचा सर्वांत संथ काळ. पहिल्या पाच वर्षांत कणा वर्षाला सरासरी २ सेंटिमीटर वाढतो, पुढच्या पाचांत जेमतेम १. बाकही सहसा याच चालीने वाढतो.

हॉर्मोनचं थोडक्यात. ग्रोथ हॉर्मोनमुळे प्रॅडर-विलीच्या मुलांत बाक सुरू होतो किंवा वाढतो, असं नियंत्रित अभ्यासांत दिसलेलं नाही. उलट त्याने स्नायूंचं प्रमाण वाढतं आणि चरबी घटते, जे पाठीला हवंच आहे. बाक आहे एवढ्या कारणासाठी ते थांबवू नका. ते थांबवायचं खरं कारण वेगळं असू शकतं : झोपेत श्वास गंभीरपणे अडणं. या हॉर्मोनने टॉन्सिल-अडेनॉइड (घशातल्या आणि नाकामागच्या गाठी) वाढू शकतात आणि तुमचा मुलगा घोरतो. तेव्हा हॉर्मोनच्या तज्ज्ञांकडे जाताना बाकाचा आकडा नंतर सांगा, आधी घोरण्याचं सांगा. झोपेची तपासणी, म्हणजे स्लीप स्टडी, झालेली नसेल तर पहिलं काम तेच. ब्रेस, प्लास्टर, भूल, शस्त्रक्रिया, सगळ्यांची वाट तिथूनच जाते.

प्लास्टर की ब्रेस? प्लास्टर भूल देऊन, खास चौकटीवर, डोकं आणि कंबर ताणून घालतात. वळलेल्या बरगड्या मागून हाताने फिरवून धरतात आणि तशाच प्लास्टर घट्ट होऊ देतात. पोटापुढे मोठी खिडकी कापतात, पाठीवर बाकाच्या आतल्या बाजूला दुसरी, म्हणजे दबलेली बाजू तिकडे फुगायला जागा मिळते. वयानुसार दर दोन ते चार महिन्यांनी ते बदलतात. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या १३६ मुलांच्या नोंदींत, सरासरी १९ महिन्यांच्या वयात प्लास्टर सुरू झालेल्यांचे बाक निघून गेले. अडीच वर्षांच्या आसपास, मोठ्या बाकानिशी आलेल्यांचे कमी झाले पण पुरते गेले नाहीत. पाचव्या वर्षी, सिंड्रोम असताना, बाक निघून जाईल ही आशा धरू नये. वर्ष-दोन वर्षं मिळतात का, हे बघायचं. बाक झोपल्यावर बराच सुटत असेल तर ब्रेसनेही ते साधू शकतं आणि भूल टळते. प्लास्टर घालायचंच ठरलं, तर पूर्ण कण्याचा एमआरआय त्याच भुलेत उरकायला सांगा. तो कधी ना कधी लागणारच आहे आणि वेगळी भूल देण्यात अर्थ नाही.

ब्रेसबद्दल तुम्ही कुठे तरी वाचलं असेल की रोज तेरा तास घातला तर दहापैकी नऊ मुलांची शस्त्रक्रिया टळते. तो अभ्यास १० ते १५ वर्षांच्या, अन्यथा निरोगी मुलामुलींवरचा आहे, ज्यांचे बाक २० ते ४० अंशांचे होते. ते यश तुमच्या मुलाच्या खात्यात मांडू नका. इथे दिवसाचे १८ ते २० तास धरून चाललं तर बाक थोपवला जातो, निदान सावकाश वाढतो.

ब्रेस नीट बसलाय का, हे आरशात कळत नाही. तो घातलेल्या स्थितीत दोन ते चार आठवड्यांत एक एक्स-रे काढतात. कोन निम्म्याच्या आसपास उतरला तर उत्तम. १० अंशांचाही फरक पडत नसेल तर चूक साच्यात आहे. ब्रेस बदलायला हवा, मुलाला तास वाढवून भागणार नाही. ढिल्या छातीच्या मुलांत आणखी एक अडचण येते : ब्रेसच्या आत कुशीला लावलेली गादी कण्याला ढकलण्याऐवजी मऊ बरगड्याच आत दाबते. बाक सुधारल्यासारखा दिसतो आणि छाती चिंचोळी होत जाते. म्हणून ब्रेस बनवणाऱ्यांना समोर छातीला आणि पोटाला मोकळी जागा सोडायला सांगा, आणि ब्रेस घालून रात्रीचा ऑक्सिजन एकदा तपासून घ्या.

सुरुवात सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. मग रोज तास-दीड तास वाढवत दोन आठवड्यांत पूर्ण वेळेवर या. आत बिनशिवणीची सुती बंडी, ब्रेसपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर लांब, आणि ब्रेस बांधल्यावर खालून ओढून सपाट केलेली. एक चुणी राहिली तरी तिथे घट्टा पडतो. पट्टे किती आवळायचे त्या जागी मार्करने खूण करून ठेवा, म्हणजे शाळेत किंवा आजीकडे वेगळं बांधलं जाणार नाही. ब्रेस काढला की लगेच पाठ बघा : गादीच्या जागी लाली असणारच. अर्ध्या तासात ती मावळली तर ठीक. टिकली, फोड आला, किंवा गादी नसलेल्या जागी, विशेषतः कंबरेच्या हाडावर, लाली आली, तर ब्रेस काढून ठेवा आणि बनवणाऱ्यांना त्याच दिवशी कळवा. आत तेल, क्रीम, पावडर काहीही नको; कातडी मऊ पडून आणखी सोलते. प्रॅडर-विलीच्या मुलांचं अंगाच्या तापमानावर नीट नियंत्रण नसतं, तेव्हा उकाड्यात बंडी दिवसातून दोन-तीनदा बदला.

ओरबाडण्याची धास्ती खरी आहे, पण ब्रेसने ती सहसा वाढत नाही. धड झाकलेलं राहतं. बोटं जातात ती कडांपाशी : बगलेखाली, मांडीच्या वरच्या टोकाला. तिथे रोज नजर ठेवा, नखं दर दोन दिवसांनी कापा, आणि ब्रेस घातल्यानंतरचा पहिला तास हाताला काही तरी काम द्या. उघडी जखम असेल तर ती भरेपर्यंत त्या भागावर ब्रेस नको.

हे सगळं करूनही बसून काढलेला कोन ५० ते ६० च्या पुढे जात राहिला, तर वाढत्या रॉडचा विचार होतो. यात वर दोन-तीन मणक्यांना आणि खाली दोन-तीन मणक्यांना स्क्रू किंवा हूक बसवतात. मधला कणा न जोडता सोडतात आणि त्यावरून रॉड नेतात. साधा रॉड दर सहा महिन्यांनी छोटी शस्त्रक्रिया करून लांबवावा लागतो. चुंबकीय रॉड बाहेरून यंत्र धरून, भूल न देता, दर दोन-चार महिन्यांनी काही मिलिमीटर लांबवता येतो. ऐकायला चुंबकीय रॉडच बरा वाटतो. पण रॉड आणि कातडीमध्ये चरबीचा जाड थर असला की चुंबकाची पकड कमी पडते, आणि रॉड असताना एमआरआय काढला तर त्या भागाचं चित्र बिघडतं. तुमच्या मुलाचं वजन आज आटोक्यात आहे का, हा प्रश्न इथेही येऊन भिडतो.

आणि या रॉडची त्रासात मोजावी लागणारी किंमत. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, वाढते रॉड घातलेल्या १४० मुलांच्या अभ्यासात ५८ टक्के मुलांना किमान एक तरी गुंतागुंत झाली. पहिली शस्त्रक्रिया जितकी वर्षं पुढे गेली, तितका दर वर्षामागे हा धोका १३ टक्क्यांनी घटला. प्रत्येक जास्तीच्या शस्त्रक्रियेने २४ टक्क्यांनी वाढला. रॉड मोडतो, स्क्रू मऊ हाडातून उपटतो, जखमेत जंतुसंसर्ग होतो. दर वेळी लांबवताना आधीपेक्षा कमी उंची मिळते, कारण न जोडलेला कणाही हळूहळू ताठरतो. प्रॅडर-विलीत खास म्हणजे रॉडच्या वरच्या टोकापाशी मान पुढे कलंडते आणि तिथे नवं पोक येतं. म्हणून रॉडचं वरचं टोक छातीच्या अगदी वरच्या मणक्यांपर्यंत नेतात आणि मूळचं पोक जबरदस्तीने सपाट करत नाहीत. ‘थांबा’ म्हणण्यामागे हा सगळा हिशेब आहे. शस्त्रक्रियेची भीती हे कारण नव्हे. उलट ७०-८० अंशांपर्यंत नुसतं बघत बसणं ही तितकीच मोठी चूक. तेव्हा कणा ताठर झालेला असतो आणि श्वास घटलेला.

शस्त्रक्रिया ठरलीच तर तुमच्या मुलाच्या बाबतीत काही गोष्टी भूलतज्ज्ञांना आणि अतिदक्षता विभागाला आधीच लेखी द्या. फाईलमध्ये ‘सिंड्रोम’ एवढाच शब्द असून उपयोग नाही. मॉर्फिनच्या जातीच्या वेदनाशामकांनी या मुलांचा श्वास लवकर मंदावतो, तेव्हा मात्रा कमी आणि पहिली रात्र देखरेखीखाली. ताण पेलायला लागणारं कॉर्टिसॉल हे हॉर्मोन त्या वेळी अंगात पुरेसं वाढतं की नाही ते आधी तपासावं, किंवा शस्त्रक्रियेच्या दिवशी हायड्रोकॉर्टिसोनचं (त्याच हॉर्मोनच्या औषधाचं) कवच द्यायचं का ते हॉर्मोनच्या तज्ज्ञांनी ठरवावं. हाडांची घनता आणि ड जीवनसत्त्व बघून ठेवावं. या मुलांना वेदना कमी जाणवतात आणि संसर्ग असूनही ताप चढेलच असं नसतं. म्हणून ‘रडत नाही, ताप नाही, म्हणजे बरं आहे’ हा आपला नेहमीचा आडाखा इथे फसतो. जखम रोज डोळ्यांनी बघावी लागते. तुम्ही लिहिलं आहे की मुलगा तक्रार करत नाही. त्यावरही फार विसंबू नका.

एक गोष्ट मात्र कोणत्याही वॉर्डात आवर्जून सांगा. कण्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर आतडी दोन-तीन दिवस मंद पडतात. इतर मुलं तेव्हा खायला नको म्हणतात आणि उलटी करतात, त्यावरून परिचारिकेला कळतं. या सिंड्रोममध्ये भूक भागतच नाही, म्हणून तुमचा मुलगा पहिल्याच दिवशी खायला मागेल, हट्ट करेल, शेजारच्या खाटेवरचं उचलेल, आणि उलटी बहुधा करणार नाही. त्याच्या मागणीवरून खाणं सुरू केलं तर पोट फुगत जातं आणि जठराला धोका पोचतो. खाणं सुरू करायचं ते पोट तपासून, आतड्यांचे आवाज ऐकून आणि वारा सरल्यावर. पोट टम्म झालं, किंवा कधीच उलटी न करणाऱ्या मुलाने एक जरी उलटी केली, तर त्या क्षणी डॉक्टरांना बोलवा. प्लास्टरमध्ये असतानाही हाच नियम. कारण घट्ट प्लास्टरने आतड्याचा सुरुवातीचा भाग दाबला जाऊ शकतो. आणि टाक्यांवर त्याची बोटं पोचणार नाहीत अशी रुंद, चारही कडा चिकटलेली पट्टी हवी, जखम पुरती भरेपर्यंत.

मालिश करा, मुलाला आवडत असेल तर. बाकावर त्याचा परिणाम नाही. पोटावर झोपून खेळणं, पोहणं, चढणं-उतरणं याने पाठीचे स्नायू आणि वजन दोन्ही सुधारतं, ते रोज हवंच. पण कोणी मणके ‘बसवून’ देतो म्हणाला तर मुलाला त्याच्या हाती देऊ नका.

दोन एक्स-रेंच्या मध्ये घरी काय बघायचं? महिन्यातून एकदा, त्याच स्टुलावर, पाय टेकवून, उघड्या पाठीचा मागून फोटो. मग पुढे वाकवून दुसरा. त्याच उजेडात आणि तितक्याच अंतरावरून काढा. आणि ओळंबा धरा : दोऱ्याला छोटंसं वजन बांधून दोरा मानेच्या मुळाशी उठून दिसणाऱ्या मणक्यावर टेकवा आणि लोंबू द्या. सरळ पाठीत तो नितंबांच्या फटीत पडतो. कुठल्या बाजूला किती सेंटिमीटर सरकला ते वहीत लिहा. दोन महिने लागोपाठ एकेक सेंटिमीटर सरकत असेल तर सहा महिन्यांची वाट न बघता भेट घ्या. चालण्यात नवा फरक, पाय लुळा पडणं, किंवा कपड्यांत लघवी होणं एकदा थांबल्यावर पुन्हा सुरू होणं, यासाठी तर त्याच दिवशी.

हे सदर वाचणाऱ्या इतर आईबाबांनी वरचं सगळं आपल्या मुलाला जसंच्या तसं लावू नये. दुर्मीळ आजारांत बाक एकसारखा दिसला तरी वागतो आजारासारखा. न्यूरोफायब्रोमॅटोसिसचा आखूड, अचानक वळलेला, बरगड्या पेन्सिलीसारख्या बारीक झालेला बाक ब्रेसला जुमानत नाही. तिथे थांबण्यात नुकसान आहे, आणि बरगडीचं टोक मज्जारज्जूच्या पोकळीत शिरलंय का हे पाहायला एमआरआय आधी लागतो. स्पायनल मस्क्युलर ॲट्रोफीत ब्रेस फक्त बसायला आधार देतो, बाक रोखत नाही. आणि पाठीतून औषध टोचायचं असेल तर कंबरेत सुईला वाट ठेवूनच रॉड बसवायला सर्जनना आधी सांगावं लागतं. डुशेन या स्नायूंच्या आजारात हृदय आणि श्वासाची क्षमता खालावण्याआधी शस्त्रक्रिया करतात, शिवाय सक्सिनिलकोलिन हे भुलेचं औषध टाळतात. मार्फान सिंड्रोममध्ये आधी महाधमनीची इको. म्युकोपॉलिसॅकॅरिडोसिसमध्ये आधी मानेचे मणके आणि श्वासमार्ग. रेट सिंड्रोममध्ये कोन २५ च्या पुढे गेला की दर सहा महिन्यांनी एक्स-रे. ॲटॅक्सिया टेलँजिएक्टेशियात एक्स-रेच मोजून-मापून, कारण किरणांचा त्या मुलांना जास्त अपाय होतो.

तर ताई, पुढच्या भेटीला जाताना दोन्ही एक्स-रेंच्या मूळ फिल्म किंवा सीडी घेऊन जा. नुसता रिपोर्टचा कागद नको, त्यावरून कोणालाच पुन्हा मोजता येत नाही. सर्जनना विचारा : झोपवल्यावर कोन किती उरतो? ढिल्या स्नायूंच्या किती मुलांना तुम्ही रॉड घातलेत आणि त्यांतल्या किती जणांना पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं? स्लीप स्टडीची तारीख त्या भेटीच्या आधीची मिळत असेल तर तीच घ्या.